पाठीवर कोण? जेट विमानांच्या झुंजीत वैमानिकाचं धाडस नेमकं कुठं असतं

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडच्या हवाई तळावर मिग-२१ विमानांना निरोप दिला गेला. १९६३ पासून ती वायुदलात होती. त्याआधी मे महिन्यात भारत-पाकिस्तान सीमेवर जो संघर्ष झाला, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या अंतरावरून डागलेल्या क्षेपणास्त्रांचीच चर्चा जास्त झाली. या दोन्ही बातम्यांनंतर एक प्रश्न सारखा ऐकू येतो: विमानातल्या माणसाला आता करायला उरलंय काय? बटण दाबायचं, क्षेपणास्त्र सुटतं, परत यायचं. यात शौर्य कसलं?

कोल्हापूरकरांना हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून जवान जातात. बर्फात चौकी धरून बसणं म्हणजे काय, गोळ्या चालू असताना पुढं सरकणं म्हणजे काय, हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वैमानिक मात्र काचेच्या छताखाली, मुखवट्याआड, एकटा असतो. त्याचं काय चाललंय हे दिसतच नाही. ते समजून घ्यायचं तर आधी थोडं गणित आणि थोडं शरीरशास्त्र बघावं लागतं. शेवटी आपण १४ डिसेंबर १९७१ च्या श्रीनगरला पोचणार आहोत. पण आधी तालमीत जाऊ.

झुंज म्हणजे पाठ घेणं

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्तीची जोड लागली की जाणकाराचं लक्ष एकाच गोष्टीवर असतं: कोण कुणाच्या पाठीवर जातो. समोरासमोर हात मिळालेत तोवर दोघंही सारखेच. एकदा पाठ घेतली की डाव टाकायचा हक्क एकाचाच.

विमानांची झुंज अगदी अशीच असते. तोफा आणि मशिनगन विमानाच्या नाकाच्या दिशेनं रोखलेल्या असतात, मागं वळून गोळी झाडता येत नाही. म्हणून जो मागं, तो मारणारा आणि जो पुढं, तो मरणारा. दोघंही एकमेकांच्या मागं जायला बघतात आणि त्यातून ती आकाशातली गरगर वळणं तयार होतात.

समोरून येणाऱ्या लढतीत वेळच मिळत नाही. दोन विमानं प्रत्येकी ताशी ९०० किलोमीटर वेगानं एकमेकांकडे येत असतील, तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला ५०० मीटरनं घटतं. लहान विमान नुसत्या डोळ्यांना दिसायला चार-पाच किलोमीटरवर यावं लागतं. म्हणजे ठिपका दिसल्यापासून तो शेजारून निघून जाईपर्यंत आठ ते दहा सेकंद. तेवढ्यात तो आपला की परका हे ओळखायचं, कुठल्या बाजूला वळायचं ते ठरवायचं आणि वळायला सुरुवातही करायची.

वळण एवढं अवघड का?

वेगात वळताना शरीर बाहेर फेकलं जातं, हे करूळ घाटातून एसटीनं उतरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या वळणावर आपल्याला जो रेटा जाणवतो तो आपल्या वजनाच्या फार तर पाव पट असतो. वैमानिक हा रेटा ‘जी’ या एककात मोजतात. १ जी म्हणजे आत्ता बसल्या जागी जाणवतं तेवढं वजन. ५ जी म्हणजे त्याच्या पाचपट.

लढाऊ विमान तिरकं होऊन वळतं, त्यामुळे हा रेटा बाजूला न जाता वैमानिकाला डोक्याकडून पायाकडे, खुर्चीत दाबतो. माणसाचं डोकं आणि त्यावरचं हेल्मेट-मुखवटा मिळून सहाएक किलो भरतं. ५ जीच्या वळणात ते ३० किलो होतं. मार्केट यार्डात गुळाचा ३० किलोचा रवा उचललेला हमाल सांगेल की ते ओझं मानेवर घेऊन सरळ उभं राहणंही सोपं नाही. वैमानिकाला ते घेऊन मान वळवायची असते, मागं बघायचं असतं, कारण शत्रू तिथंच आहे. मानेचे स्नायू आखडणं, मणक्यांचं दुखणं हे या व्यवसायातलं रोजचं आहे. आजची विमानं ९ जीपर्यंत वळतात. ७० किलोचा माणूस तिथं ६३० किलोचा होतो.

आता वर्तुळाचा आकार बघा. ताशी ९०० किलोमीटर वेगात ६ जीनं वळलं, तर वळणाची त्रिज्या साधारण १०८० मीटर येते. रंकाळ्याच्या पूर्ण फेरीपेक्षा मोठं वर्तुळ, आणि ते २७ सेकंदांत पुरं होतं. वेग निम्मा केला आणि रेटा तेवढाच ठेवला, तर त्रिज्या निम्मी न होता चौथाई होते, सुमारे २७० मीटर. म्हणजे हळू उडणारा आतल्या आत वळून वेगवान शत्रूच्या पाठीवर येऊ शकतो. मग सगळेच हळू का उडत नाहीत? त्याचं उत्तर पैशांच्या भाषेत सोपं पडतं.

उंची ही ठेव, वेग ही रोकड

उंचीवर असलेलं विमान खाली सूर मारून वेग कमावतं. वेगात असलेलं विमान नाक वर करून उंची कमावतं. एकाचं दुसऱ्यात रूपांतर होतं, जशी ठेव मोडून रोकड हातात येते आणि रोकड भरून ठेव करता येते. हिशेबही काढता येतो: ताशी ९०० किलोमीटरचा वेग म्हणजे साधारण ३२०० मीटर उंचीची ठेव. कळसूबाईच्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट.

प्रत्येक कडक वळण ही रोकड खर्च करतं, कारण जोरात वळताना हवेचा अडथळा प्रचंड वाढतो. इंजिन म्हणजे महिन्याचा पगार. तो भर घालत असतो, पण वळण्याचा खर्च बहुधा त्याहून जास्त असतो. एका लहान वर्तुळासाठी सगळा वेग उधळला आणि त्यात शत्रू सापडला नाही, तर पुढच्या क्षणाला विमान जड, संथ आणि असहाय होतं. दुसरा शत्रू वरून येत असेल तर संपलंच. चांगला वैमानिक वळताना डोक्यात सतत ही वही लिहीत असतो: माझ्याकडे किती उरलं, त्याच्याकडे किती असेल, आत्ता खर्च करू की राखू?

इंधनाचीही वेगळी वही असते. घरी परतायला किती लागेल तो आकडा उड्डाणापूर्वीच ठरलेला असतो. तो आला की लढत जिंकत असलो तरी सोडायची. हे पाळणं भल्याभल्यांना जमलेलं नाही.

शरीर कुठं दगा देतं?

घरावरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटार डोळ्यांपुढं आणा. मोटार तीच, पाइप तोच, पण पाणी अचानक पाचपट जड झालं तर? ते टाकीपर्यंत पोचणारच नाही. हृदय ही मोटार, मेंदू ही टाकी, दोन्हींत अंतर सुमारे ३० सेंटीमीटर. साधारण साडेचार-पाच जीला, काहीच प्रतिकार न करणाऱ्या माणसाच्या मेंदूकडे रक्त चढणं थांबतं.

आधी डोळे जातात, कारण नेत्रगोलाच्या आतच थोडा दाब असतो आणि रक्ताला तो ओलांडून आत शिरावं लागतं. रंग फिके पडतात, कडेचं दिसेनासं होतं, नळीतून बघितल्यासारखं मधलंच दिसतं, मग अंधार. रेटा तरीही कमी केला नाही तर शुद्ध हरपते. बेशुद्धी सरासरी बाराएक सेकंदांची असते आणि त्यानंतर तेवढाच वेळ माणूस भांबावलेला, आपण कुठं आहोत हे न समजणारा. सेकंदाला २५० मीटर जाणारं विमान पहिल्या बारा सेकंदांतच तीन किलोमीटर कापतं, विनाचालक.

नव्या विमानांत धोका आणखी फसवा आहे. मेंदूत ऑक्सिजनचा साठा चार-सहा सेकंदांचा असतो. आजची विमानं एखाद-दोन सेकंदांत ९ जीला जातात. तेव्हा डोळ्यांपुढची अंधारी ही जी सूचना असते, तीच मिळत नाही. माणूस ठणठणीत वाटत असतानाच थेट बेशुद्ध होतो.

उपाय दोन. पहिला, जी-सूट: पोटऱ्या, मांड्या आणि पोटाभोवती हवेच्या पिशव्या असलेली विजार. रेटा वाढला की झडप आपोआप उघडते, पिशव्या फुगतात आणि रक्त पायांत उतरायला अटकाव करतात. यानं एक ते दीड जीचा फायदा मिळतो. दुसरा उपाय वैमानिकाचा स्वतःचा आणि त्याचा फायदा जास्त. वळण्यापूर्वीच पाय, नितंब आणि पोट आवळून धरायचं, छातीत दम कोंडायचा, दर तीन सेकंदांनी झटक्यात श्वास सोडून घ्यायचा आणि पुन्हा कोंडायचा. तालमीत दम राखणं म्हणजे काय हे ज्यानं अनुभवलंय, त्याला हे लगेच कळेल. यात चूक होते ती दोन ठिकाणी: आवळायला उशीर होतो, किंवा श्वास बदलताना छाती फार वेळ सैल पडते. बंगळूरूच्या वैमानिकी वैद्यक संस्थेत लांब दांड्याच्या टोकाला बसवून गरगर फिरवणारं यंत्र आहे, तिथं आपले वैमानिक हा सराव करतात.

शत्रू मागं लागलेला असताना वैमानिकाच्या शरीराचं हे असं चाललेलं असतं. आणि याच अवस्थेत त्याला हिशेब चुकवायचा नसतो. मला विचाराल तर लढाऊ वैमानिकाच्या धाडसाचा गाभा इथं आहे. भीतीवर मात सगळेच सैनिक करतात. इथं डोळे, रक्त आणि वेळ हातातून निसटत असताना विचार शाबूत ठेवावा लागतो.

गोळी लागणं इतकं कठीण का?

नॅट हे आपलं १९६५ आणि १९७१ मधलं छोटं लढाऊ विमान. पंखांची रुंदी पावणेसात मीटरच्या आत. त्याला ३० मिलिमीटरच्या दोन तोफा होत्या, प्रत्येकीत सुमारे ११५ गोळे. प्रत्येक तोफेतून सेकंदाला वीसेक गोळे या हिशेबानं घोडा दाबून ठेवला तर पाच-सहा सेकंदांत दारूगोळा खलास. अख्ख्या लढाईला एवढीच शिदोरी.

शिवाय नेम शत्रूवर धरायचा नसतो. ३०० मीटर जायला गोळ्याला ०.४ सेकंदाच्या आसपास लागतात, तेवढ्यात आडवं जाणारं विमान ८० मीटर पुढं सरकलेलं असतं. नेम त्याच्या पुढच्या रिकाम्या हवेवर धरावा लागतो. त्यात स्वतःचं विमान वळत असतं, हात पाचपट जड झालेला असतो. रेट्याखाली गोळ्यांचे पट्टेही जड होतात, खेचले जात नाहीत, तोफ अडकते. १९६५ च्या युद्धात नॅटच्या तोफा ऐन झुंजीत अडकल्याच्या नोंदी आहेत.

“ज्याचं यंत्र भारी, तोच जिंकणार ना?”

बहुतेक वेळा, हो. पण नेहमी नाही. ७ सप्टेंबर १९६५ ला सरगोध्यावर हल्ला करून परतणाऱ्या आपल्या मिस्टेअर विमानांच्या मागं पाकिस्तानचं स्टारफायटर लागलं. त्या काळातलं ते जगातल्या सर्वांत वेगवान विमानांपैकी एक, ध्वनीच्या दुप्पट वेगाचं. मिस्टेअर त्याच्यापुढं बैलगाडी. स्क्वॉड्रन लीडर अज्जमाडा देवय्या यांच्या विमानाला मार बसला, तरीही ते उलटे वळून भिडले आणि स्टारफायटर पडलं. देवय्या परतले नाहीत.

स्टारफायटरचे पंख आखूड आणि पातळ, सरळ धावायला अप्रतिम, वळायला वाईट. वेगाची श्रीमंती सोडून ते वळणाच्या कुस्तीत उतरलं आणि तिथं जुनं विमान सरस ठरलं. देवय्यांची ही झुंज आपल्याकडे कुणी पाहिलेलीच नव्हती. पलीकडच्या बाजूनं माहिती बाहेर आली, तेव्हा उलगडा झाला आणि १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. तेवीस वर्षं ते फक्त बेपत्ता होते.

“आता तर क्षेपणास्त्रं आहेत. मग वैमानिक कशाला?”

क्षेपणास्त्र म्हणजे जादूची गोळी नव्हे, हे आधी लक्षात घ्यायला हवं. बहुतेक क्षेपणास्त्रांचं इंधन सुरुवातीच्या काही सेकंदांतच जळून जातं. पुढचा प्रवास ते मिळालेल्या वेगावर करतं, म्हणजे त्याचीही ठेव आणि रोकड असते आणि प्रत्येक वळणाला ती घटते. ‘पल्ला १०० किलोमीटर’ असं आपण वाचतो, तो शत्रू समोरून, उंचावरून, सरळ येत असेल तेव्हाचा. तोच शत्रू पाठ फिरवून खाली दाट हवेत सुटला, तर पल्ला कितीतरी आक्रसतो.

त्यामुळे दूरच्या लढाईतला पेच असा होतो: लांबून डागलं तर शत्रू निसटतो, जवळ जाऊन डागलं तर तो निसटत नाही, पण त्याच्या क्षेपणास्त्रापासून आपणही निसटत नाही. किती आत शिरायचं, हे संगणक सुचवतो, ठरवतो माणूस. आणि रडारवर चालणारं क्षेपणास्त्र सोडल्यावरही काम संपत नाही. त्याचा स्वतःचा छोटा रडार लक्ष्य पकडेपर्यंत त्याला विमानाकडून दिशा पुरवावी लागते. तोवर पूर्ण पाठ फिरवता येत नाही. कानात इशारा वाजतोय, म्हणजे आपल्यावरही कुणी रडार रोखलाय, कदाचित डागलंही आहे. अशा वेळी तीस सेकंद त्याच दिशेनं जात राहायचं. दोघं समोरासमोर असतील, तर त्या तीस सेकंदांत अंतर पंधरा किलोमीटरनं घटलेलं असतं. हे धाडस बाहेरून दिसत नाही, कारण बाहेरून काहीच घडत नसतं.

श्रीनगर, १४ डिसेंबर १९७१

आता हे सगळं घेऊन श्रीनगरच्या धावपट्टीवर या. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १६५० मीटर. हवा विरळ, त्यामुळे इंजिनाला जोर कमी आणि धाव लांब. दरी धुक्यानं भरलेली. भोवती डोंगर असल्यानं शत्रू येतोय हे फार उशिरा कळणार. १८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची नॅट विमानं खोऱ्याच्या रक्षणासाठी तिथं होती आणि फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों सज्जतेच्या पाळीवर होते.

पाकिस्तानची सहा सेबर विमानं तळावर आली. सेबर नॅटच्या दुपटीहून जड, सहा मशिनगनांचं, वळायला चांगलं. सेखोंचे लीडर फ्लाइट लेफ्टनंट घुमान पुढं निघाले. त्यांच्या विमानानं उडवलेली धूळ बसेपर्यंत सेखोंना थांबावं लागलं आणि तेवढ्यात सेबर डोक्यावर आली, तळावर बॉम्ब पडू लागले. त्या माऱ्यात सेखोंनी उड्डाण केलं. धूसर हवेत घुमान यांची आणि त्यांची चुकामूक झाली. पुढं सेखों एकटेच.

ठेव-रोकडीचा हिशेब इथं मांडा. धावपट्टी सोडताना विमानाचा वेग ताशी २७० किलोमीटर धरला, तर त्याची किंमत जेमतेम २९० मीटर उंचीएवढी. सूर मारत येणाऱ्या सेबरचा वेग ८०० धरला, तर २५०० मीटर. नऊपट श्रीमंत शत्रू, तोही सहा जणांचा. झुंजीत उतरायला यापेक्षा वाईट क्षण नसतो: वेग नाही, उंची नाही, चाकं अजून आत जातायत आणि पाठ पूर्ण उघडी. नॅटची एकच जमेची बाजू म्हणजे हलकेपणा. वजनाच्या मानानं इंजिन जोरदार, म्हणून रिकामा खिसा लवकर भरतो. पण तेवढी सेकंदं कुणीतरी द्यावी लागतात.

सेखों थेट दोन सेबरच्या मागं गेले. झुंज झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवर झाली. तिथं ठेव मोडायचा प्रश्नच नसतो, सूर मारायला जागाच नाही. १०० मीटरवर ताशी ७०० किलोमीटर वेगात नाक १० अंश खाली गेलं, तर जमीन तीन सेकंदांवर असते. त्या उंचीवर मागं बघणं म्हणजे तेवढा वेळ पुढं न बघणं. परमवीरचक्राच्या मानपत्रानुसार त्यांनी एका सेबरवर मारा साधला आणि दुसऱ्याला आग लावली. मग बाकीची सेबर साथीदारांच्या मदतीला धावली आणि एकास चार असा सामना झाला.

“हे धाडस की अविचार?”

हा आक्षेप गंभीर आहे. वायुदल वैमानिकाला अविचार शिकवत नाही. परिस्थिती उलटी असेल तर लढत सोड, विमान वाचव, हेच शिकवतं. मग सेखों खंदकात का थांबले नाहीत?

जमिनीवर उभं विमान बॉम्बखाली नष्टच होतं, म्हणजे थांबण्यातही विमान वाचत नव्हतं. हिवाळ्यात जम्मूकडचा रस्ता बर्फानं बंद पडतो, तेव्हा खोऱ्याला विमानतळ हाच आधार. आणि हल्लेखोराला धावपट्टीवर नेमका बॉम्ब टाकायचा तर काही सेकंद सरळ, स्थिर उडावं लागतं. आपल्या मागं एक जरी लढाऊ विमान आहे असं त्याला कळलं, तरी तो स्थिर उडत नाही. सेखोंचा एकटा नॅट हवेत असण्यानं हल्लेखोरांचं लक्ष जमिनीवरून उडालं. त्यांना जिंकायची शक्यता किती होती हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. हिशेब न करता केलेली ती उडी नव्हती.

“नेमकी किती पाडली?” असंही विचारलं जातं. हवाई युद्धात दोन्ही बाजूंचे आकडे क्वचितच जुळतात. धुरानं माखलेलं विमान कधी परत पोचतं, तर धड दिसणारं विमान वाटेत पडतं. त्या सकाळच्या आकड्यांवरही एकमत नाही. ब्रेक सोडण्याचा निर्णय मात्र या आकड्यांच्या आधीचा आहे.

सुटका का झाली नाही?

आजच्या विमानांतली खुर्ची उभ्या विमानातूनही वैमानिकाला वर फेकून पॅराशूट उघडू शकते. शून्य उंची, शून्य वेग, तरी चालतं. ती फेक १२ ते २० जीची असते, मणके दबतात, पण माणूस वाचतो. १९७१ मधल्या बहुतेक खुर्च्यांना पॅराशूट भरायला उंची लागायची, आणि विमान उलटं असेल तर कुठलीही खुर्ची माणसाला जमिनीकडेच फेकते.

गोळ्या लागल्यावर सेखोंचं विमान थोडा वेळ सरळ उडालं, मग उलटं होऊन खाली गेलं. नियंत्रणाची यंत्रणा निकामी झाली असावी. शेवटच्या क्षणी छत उडताना दिसलं, असं सांगतात. म्हणजे त्यांनी सुटकेचा प्रयत्न केला होता. विमानाचे अवशेष श्रीनगरजवळच्या एका दरीत सापडले. पार्थिव आजतागायत मिळालेलं नाही.